गाडीचे दिवे घरी बदलताना फ्यूज का उडतो आणि उडाला तर काय करायचं: साताऱ्यातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

गळीत हंगाम सुरू झाला की कराड, कोरेगाव, फलटणच्या रस्त्यांवर रात्री बिनरिफ्लेक्टरच्या ऊसट्रॉल्या उभ्या दिसतात. म्हणजे दिसत नाहीत, हीच अडचण. पावसाळ्यात यवतेश्वर घाटातून कासकडे निघालं किंवा पसरणी घाटातून पाचगणीकडे, तर धुक्यात पुढची दहा फूट जमीन कळत नाही. मग माणूस दिवे बदलायला घेतो, आणि बदलताना फ्यूज उडतो. त्याबद्दल सतत विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सगळं १२ व्होल्टच्या कारपुरतं आहे.

नवीन बल्ब बसवला, बटण दाबलं, दिवेच लागले नाहीत. फ्यूजच गेला ना?

आधी बघा, एक बाजू गेलीय की दोन्ही. दोन्ही बाजूंचा डिपर (खालचा, जवळचा झोत) एकदम गेला आणि अप्पर (वरचा, लांबचा झोत) लागतोय, तर फ्यूज किंवा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). एकच बाजू गेली असेल तर बल्ब, कपलर (बल्बमागे बसणारा वायरींचा प्लग) किंवा अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) यांच्यावर आधी संशय घ्या. मात्र बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या हेडलाइटला वेगवेगळे फ्यूज असतात, तेव्हा एकच बाजू फ्यूजमुळेही जाऊ शकते. सोपी परीक्षा म्हणजे दोन्ही बाजूंचे बल्ब आपसात बदलायचे. बिघाड बल्बबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष बल्बचा. जागेवरच राहिला तर फ्यूज बॉक्स उघडा.

फ्यूज बॉक्स सापडतच नाही.

साधारण दोन असतात. एक बॉनेटखाली, बॅटरीशेजारी, काळ्या झाकणाचा. दुसरा स्टिअरिंगच्या खाली उजव्या हाताला, कधी सुट्ट्या पैशांच्या कप्प्यामागे. हेडलाइटचा फ्यूज कोणत्या बॉक्समध्ये ते गाडीगणिक बदलतं. झाकण उलटं केलं की आतून नकाशा छापलेला असतो. तो पुसट झाला असेल तर गाडीसोबतच्या पुस्तकात पाहा. फ्यूज ओढायचा छोटा प्लॅस्टिकचा चिमटा बहुतेक वेळा बॉनेटखालच्या बॉक्समध्येच अडकवलेला असतो. पक्कडीने ओढलं तर फ्यूजचं डोकं तुटतं आणि पाय आतच राहतात.

उडालेला फ्यूज नुसता बघून ओळखता येतो का?

बहुतेक वेळा येतो. फ्यूज उजेडासमोर धरा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या आत दोन पायांना जोडणारी इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली पट्टी दिसते. ती मधोमध तुटली असेल आणि दोन्ही टोकांवर थेंबासारखे गोळे असतील, प्लॅस्टिक मात्र स्वच्छ असेल, तर करंट हळूहळू जास्त झाला आणि पट्टी तापून वितळली. म्हणजे ओव्हरलोड. पट्टीचा मोठा तुकडाच गायब आणि प्लॅस्टिकवर आतून काळा-चंदेरी फवारा उडालेला दिसला तर तो सरळ शॉर्ट, म्हणजे पॉझिटिव्ह वायर कुठेतरी थेट बॉडीला टेकलीय. हा फरक लक्षात ठेवून उडालेला फ्यूज खिशात ठेवा, फेकू नका. पुढचा निम्मा शोध त्यावरून लागतो.

कधी पट्टीला केसाएवढी चीर असते, ती डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी टेस्ट लॅम्प (एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला वायर-क्लिप असलेला छोटा तपासणी दिवा) घ्या. त्याची क्लिप बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा आणि दिव्यांचं बटण चालू ठेवा. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, त्यांना आळीपाळीने टोक टेकवा. दोन्हीकडे लागला तर फ्यूज चांगला. एकीकडेच लागला तर उडालेला. दोन्हीकडे नाही, तर करंट फ्यूजपर्यंत येतच नाही, म्हणून मागे रिले आणि स्विच तपासा. यासाठी फ्यूज काढावाही लागत नाही.

रंगांचा अर्थ काय? दुकानात काय सांगून मागायचं?

५ अँपिअरचा बदामी, साडेसातचा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पांढरा-पारदर्शक, ३० चा हिरवा. आकडा डोक्यावरही छापलेला असतो. रंग जुळला म्हणून काम झालं असं नाही, मापही जुळायला हवं. नेहमीचा, मिनी, आणि आखूड पायांचा मिनी असे प्रकार गाड्यांत येतात. आखूड पायांच्या जागी लांब पायांचा मिनी बसतो, पण वर उचललेला राहतो आणि झाकण नीट बसत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे जुना फ्यूज काउंटरवर ठेवून असाच द्या म्हणायचं. गल्ल्याशेजारच्या बरणीतले सुटे, छापाचा पत्ता नसलेले फ्यूज घेऊ नका. त्यांतले काही दुप्पट करंटलाही उडत नाहीत, मग त्यांचा उपयोग काय?

बदलायची नेमकी पद्धत?

चावी काढा, दिव्यांचं बटण बंद करा. फ्यूज चिमट्याने सरळ वर ओढा, डावी-उजवीकडे हलवू नका, नाहीतर आतल्या पकडी सैल होतात. खाचेत डोकावून बघा. पकड काळवंडलीय किंवा बाजूचं प्लॅस्टिक फुगलंय, तर तिथे पकड सैल होऊन ती तापत होती. नवा फ्यूज घातला तरी तो तिथे टिकणार नाही. सगळं स्वच्छ असेल तर त्याच अँपिअरचा, त्याच मापाचा फ्यूज अंगठ्याने पूर्ण खाली दाबा, दिवा लावा, पाच-दहा मिनिटं चालू ठेवा आणि मग फ्यूजच्या डोक्याला हात लावून बघा. कोमट असेल तर चालतं. बोट ठेवता येत नाही इतका तापला तर थांबा.

नुसता फ्यूज बदलायला बॅटरीची वायर काढावी लागत नाही. वायरिंगला हात लावणार असाल तर मात्र १० च्या पान्याने आधी निगेटिव्ह काढायची.

१० चा सारखा उडतोय. १५ चा टाकला तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर: नको. फ्यूज बल्बला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. कंपनीने आत जी वायर ओढली ती बऱ्याच छोट्या गाड्यांत एक-सव्वा चौरस मिलिमीटरच्या आसपासची असते, आणि त्या वायरीला, कपलरला, स्विचला किती झेपेल ते धरून फ्यूजचा आकडा ठरवलेला असतो. मोठा फ्यूज टाकला की सगळ्यात कच्चा दुवा फ्यूज राहत नाही. त्याच्या जागी स्टिअरिंगखालचा स्विच किंवा हेडलाइटमागचा कपलर येतो, आणि तो जळताना वास येईपर्यंत कळत नाही.

फ्यूज आकड्याला लगेच उडतो हाही गैरसमज आहे. १० अँपिअरचा पात्याचा (दोन चपट्या पायांचा, गाडीतला नेहमीचा) फ्यूज ११ अँपिअरवर तासन् तास तग धरतो. साडेतेरा अँपिअरवर तो पाऊण सेकंदात उडेल किंवा दहा मिनिटंही घेईल. २० अँपिअरवर जास्तीत जास्त पाच सेकंद. म्हणजे १० चा फ्यूज वारंवार उडतोय, तर लाइनमधून १० च्या बरंच वर काहीतरी वाहतंय. ते काय, हे शोधायचं. आणि कायम चालणाऱ्या दिव्यासाठी फ्यूजच्या आकड्याच्या पाऊणपट करंट धरावा, त्यावर नाही.

फ्यूजच्या जागी तार किंवा सिगरेटच्या पाकिटातली चांदी?

नाही. पेट्रोलची गाडी आहे.

१००/९० चे (अप्पर १००, डिपर ९० वॅट) बल्ब टाकायचेत. हिशेब कसा मांडायचा?

वॅटला व्होल्टने भागायचं. नेहमीचा एच४ बल्ब (अप्पर-डिपर एकातच असलेला, तीन पायांचा) ६०/५५ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टला अप्पर ५ आणि डिपर ४.६ अँपिअर. इंजिन चालू असताना लाइनमध्ये १३.५ ते १४.४ व्होल्ट असतात, त्यामुळे प्रत्यक्षात एक बल्ब पाच ते पावणेसहा अँपिअर ओढतो. १०० वॅटचा धरला तर १२ व्होल्टलाच ८.३, दोन मिळून १६.७, आणि गाडी चालू असताना त्याहून वर. दोन्हींना मिळून १५ चा फ्यूज असेल तर तो लगेच नाही उडत. साताऱ्यातून निघालात की वाठार येईपर्यंत दिवे ठणठणीत, आणि मग अंधार. अर्ध्या-पाऊण तासाने फ्यूज जाण्याच्या तक्रारीत हे कारण फार वेळा निघतं.

दोन्ही बाजूंना वेगवेगळे १० चे फ्यूज असतील तर वाईट वेगळंच होतं. फ्यूज टिकतो. कपलर टिकत नाही. एच४ चा कपलर काढून बघा: तीन खाचांपैकी एकीभोवतीचं पांढरं किंवा काळं प्लॅस्टिक आधी पिवळं, मग तपकिरी, शेवटी फुटाण्यासारखं फुटलेलं दिसतं आणि आतली पितळी पट्टी निळसर झालेली असते. वर साध्या दिव्यासाठी बनवलेला आरसा ९० वॅटने काळा पडतो तो वेगळा. आमचं मत स्पष्ट आहे: १००/९० च्या वाटेला जाऊ नका.

मग उजेड वाढवायचा कसा?

आधी आहे तो उजेड पूर्ण मिळतोय का ते मोजा. इंजिन चालू, डिपर चालू. मल्टिमीटरने बॅटरीवर व्होल्ट मोजा, मग बल्बच्या मागे कपलरवर, बल्ब जोडलेला असतानाच. बॅटरीवर १४ आणि कपलरवर साडेबारा आले तर दीड व्होल्ट वाटेत, स्विच आणि बारीक वायरीत, गळतोय. हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून झपाट्याने होतो: १० टक्के व्होल्ट कमी तर उजेड सुमारे ३० टक्के कमी. तेच ६०/५५ चे बल्ब ठेवून रिलेचं वायरिंग केलं तर हा उजेड परत मिळतो, आणि मूळ फ्यूजवरचा भारही जातो. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर ती आधी पॉलिश करून घ्या, नाहीतर नवा बल्ब जुन्या धुरकट काचेतच अडकतो.

रिलेसाठी काय-काय सामान लागतं? जोडणी कशी?

छोट्या हॅचबॅकसाठी अंदाज असा: चार पायांचे १२ व्होल्ट ४० अँपिअरचे रिले बेससकट २ (एक डिपरला, एक अप्परला), अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची लाल वायर ५ मीटर, काळी २ मीटर, रिले चालवायला एक चौरस मिलिमीटरची ३ मीटर, पाणी न शिरणारे फ्यूज होल्डर २ आणि १५ चे फ्यूज ४, सिरॅमिकचे एच४ कपलर २, बॅटरीला आणि बॉडीला लावायचे गोल लग (वायरीच्या टोकाला दाबायची धातूची कडी), हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी), वायर झाकायची नळीदार काळी पाइप, आणि वीसेक केबल टाय.

रिलेच्या पायांवर आकडे असतात. ३० ला बॅटरीचा पॉझिटिव्ह, फ्यूज होल्डरमधून. होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कुणाचंच संरक्षण नसतं. ८७ मधून अडीचची वायर बल्बकडे. ८६ ला जुन्या कपलरमधला डिपरचा किंवा अप्परचा करंट, ८५ ला अर्थ. अर्थचा लग रंगावर बसवू नका, बोल्टखाली रंग खरवडून उघड्या लोखंडावर घट्ट करा. जुन्या लाइनला आता फक्त रिलेची कॉइल चालवायची असते. ती अँपिअरचा पाचवा हिस्साही ओढत नाही, त्यामुळे मूळ फ्यूज आहे त्याच आकड्याचा ठेवायचा.

एक खोड लक्षात असू द्या. काही गाड्यांत, विशेषतः जपानी घडणीच्या, एच४ च्या सामाईक पायाला कायम पॉझिटिव्ह असतो आणि स्विच निगेटिव्ह बाजू जोडतो-तोडतो. तिथे ८५ बॉडीला लावला तर रिले नको तेव्हाही ओढलेला राहतो. आधी टेस्ट लॅम्पने तपासा, आणि तसं असेल तर ८६ ला सामाईक पाय, ८५ ला डिपर किंवा अप्परचा पाय द्या.

घाटात रात्री जाणं जास्त असेल तर डिपरच्या रिलेनंतर डाव्या-उजव्या बल्बला वेगळे साडेसातचे फ्यूज घाला. एक उडाला तरी दुसरा डोळा शाबूत राहतो. दोनशे रुपये वाचवायला हा भाग गाळू नये.

बाजारात तयार रिले हार्नेस (जोडलेल्या वायरींचा जुडगा) मिळतो. तो चालेल?

चालेल, वायर बघून. जाड आवरणात बारीक तार घालण्याची युक्ती जुनी आहे. टोक कापून आडवा छेद बघा: तांबं असेल तर छेद तांबूस, वरून कलई असली तरी. आतपर्यंत पांढरा दिसला तर तो तांब्याचा मुलामा दिलेला ॲल्युमिनियम आहे, तो परत करा.

एलईडी कमी करंट ओढतो, तरी फ्यूज का उडाला?

एलईडी बल्ब साधारण २० ते ३० वॅट ओढतात, म्हणून ओव्हरलोडचा प्रश्नच येत नाही. एलईडीनंतर फ्यूज उडाला तर जवळजवळ नक्की शॉर्ट आहे. बघायच्या जागा: मागचं रबरी झाकण बसवताना वायर त्याच्या कडेत चिमटली; ड्रायव्हरचा (एलईडीला करंट पुरवणाऱ्या सर्किटचा) लोखंडी डबा आणि त्याचं उघडं टोक बॉडीला टेकलं; झाकण बंद होईना म्हणून उघडं ठेवलं आणि पावसाचं पाणी ड्रायव्हरात गेलं; किंवा ड्रायव्हरच आतून शॉर्ट. जुना हॅलोजन परत लावल्यावर फ्यूज टिकला तर दोष एलईडीत आहे, गाडीत शोधू नका.

एच७ सारख्या दोन पायांच्या एलईडीत फ्यूज शाबूत आणि दिवा मात्र लागत नाही, असं झालं तर कपलर उलटा करून लावा. हॅलोजनला सुलट-उलट नसतं, एलईडीला असतं. लुकलुकणं हा फ्यूजचा आजार नाही, गाडीचा कॉम्प्युटर करंट तोडून-तोडून देतो म्हणून ते होतं.

एचआयडीचं (झेनॉन दिव्याचं) उलट आहे. चालू असताना ३५ वॅटचा संच कमीच ओढतो, पण पेटताना काही सेकंद त्याच्या कितीतरी पट. तो मूळ लाइनवर लावला की बटण दाबताच फ्यूज जातो. त्याला रिलेशिवाय गत्यंतर नाही.

शॉर्ट नक्की कुठे आहे ते कसं शोधायचं? दर वेळी नवा फ्यूज जाळायचा का?

नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा जुना बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी जोडा. फ्यूज काढा आणि दोन वायरी त्याच्या दोन खाचांत बसवा. दोन्ही हेडलाइटचे कपलर काढून ठेवा. आता बटण चालू करा. शॉर्ट असला तरी हा बल्ब दोनेक अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, त्यामुळे काही जळत नाही.

बल्ब पूर्ण तेजात लागला तर शॉर्ट वायरिंगमध्ये आहे. एकाने बल्बकडे बघायचं, दुसऱ्याने हार्नेस हळूहळू हलवत जायचं: हेडलाइटच्या मागे, रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर, बॅटरीच्या ट्रेखाली, बंपरमधून फॉगलाइटकडे वायर जिथे वळते तिथे. जिथे हात लावताच बल्ब विझतो, शॉर्ट तिथे. बल्ब लागलाच नाही तर एकेक कपलर जोडा. चांगला हेडलाइट जोडल्यावरही तो बऱ्यापैकी लागेल, पण शॉर्ट असलेल्या बाजूला पूर्ण तेजात लागतो.

फ्यूज फक्त खड्ड्यात उडत असेल तर घासलेली वायर समजा. फक्त पावसात, तर कपलरमध्ये पाणी. आणि गाडी शेतात किंवा गोठ्याशेजारी उभी राहत असेल तर सगळ्यात आधी उंदीर. बॅटरीच्या आडोशाला ऊसाचं पाचट, कापसाचे बोळे सापडले की समजायचं. कुरतडलेल्या वायरीवर नुसती टेप गुंडाळू नका. तो तुकडा कापून त्याच जाडीची वायर जोडा, वर स्लीव्ह चढवा.

कासच्या धुक्यासाठी पिवळे फॉगलाइट लावायचेत. करंट कुठून घ्यायचा?

थेट बॅटरीवरून, वेगळा फ्यूज आणि वेगळा रिले. ५५ वॅटचे दोन असतील तर १५ चा फ्यूज. पार्किंग लाइटच्या वायरीवरून फक्त रिलेची कॉइल चालवायची. त्या वायरीवर फॉगलाइटच टांगले तर पार्किंगचा फ्यूज उडतो, आणि बऱ्याच गाड्यांत त्याच्यासोबत मागचे दिवे आणि मीटरचा उजेडही जातो. धुक्यात मागचे दिवे गेलेली गाडी फॉगलाइट नसलेल्या गाडीपेक्षा धोक्याची. दिवे बंपरच्या खालच्या भागात लावा. वर लावले तर धुकंच पांढरं होऊन समोर उभं राहतं.

नवीन गाडीत हे सगळं असंच करायचं का?

नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत हेडलाइट थेट कंट्रोल मॉड्यूलवर (गाडीच्या कॉम्प्युटरवर) असतात. जास्त वॅटचा बल्ब लावला की मॉड्यूल स्वतःच ती लाइन बंद करतं, फ्यूज मात्र शाबूत दिसतो. शॉर्ट केला तर मॉड्यूलही जाऊ शकतं, आणि त्याच्या किमतीत हजारो फ्यूज येतील. अशा गाडीत वायर कापू नका, वॉरंटीही जाते.

आरटीओ धरतं का?

धरू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनमानी फेरबदल चालत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला दर फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १०६ म्हणतो की पुढचा झोत असा खाली वळलेला हवा, की आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाचे डोळे दिपू नयेत. त्याच वॅटचा हॅलोजन आणि रिले यांत अडचण येत नाही. हॅलोजनच्या आरशात एलईडी घातला की झोत विस्कटतो, तिथे येते. बल्ब बदलल्यावर सपाट जागी भिंतीसमोर गाडी लावून झोत तपासाच.

रात्री घाटातच फ्यूज उडाला तर?

गाडी डावीकडे घ्या, चारी इंडिकेटर लावा. बहुतेक गाड्यांत त्यांचा फ्यूज वेगळा असतो, ते लागतात. मोबाइलच्या उजेडात झाकण उघडा आणि त्याच अँपिअरचा, त्याच मापाचा फ्यूज दुसऱ्या कमी गरजेच्या जागेवरून उसना घ्या: मागचा वायपर, चार्जिंगचं सॉकेट, म्युझिक सिस्टिम. इंजिन, एबीएस, एअरबॅग यांच्या फ्यूजना हात लावायचा नाही. डिपर परत आला तर अप्पर न लावता हळू खाली उतरा. उसना फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा टाकू नका. बदललेला बल्ब काढून जुना लावा, जुना गाडीत ठेवला असेल तर. आणि नसेल, तर फॉगलाइटवर पुढच्या गाडीमागे सावकाश जवळचं हॉटेल किंवा गाव गाठा आणि उजाडेपर्यंत थांबा.